गूगल कसे जन्मले, कसे वाढले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, पालक आणि मराठीत लिहिणारे मित्र गूगलविषयी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे दोन ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो. पानांची क्रमवारी लावण्याची मूळ कल्पना आणि जाहिरातींचा पैसा या दोन ठिकाणी मी जास्त रेंगाळलो आहे. या कंपनीचा जवळजवळ सगळा इतिहास त्या दोघांच्या ओढाताणीतून घडला, असे माझे मत आहे.

गूगल कोणी सुरू केले? सुंदर पिचाई यांनी का?

नाही. पिचाई कंपनीत आले २००४ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर सहा वर्षांनी. हल्लीच्या मुलांनी कंपनीचा चेहरा म्हणून त्यांनाच पाहिले आहे, म्हणून हा गैरसमज होतो.

गूगल सुरू केले लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी. दोघांचाही जन्म १९७३ चा. पेज अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातले. वडील संगणकशास्त्राचे प्राध्यापक आणि आईही प्रोग्रॅमिंग शिकवणारी. ब्रिन मॉस्कोत जन्मले. ते सहा वर्षांचे असताना कुटुंब सोव्हिएत संघ सोडून अमेरिकेत आले आणि वडील मेरीलँड विद्यापीठात गणित शिकवू लागले. १९९५ मध्ये पेज स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रवेश घ्यावा की नाही हे ठरवायला कॅलिफोर्नियात गेले होते. नव्या मुलांना परिसर दाखवण्याचे काम ब्रिनकडे होते. तिथे त्यांची पहिली भेट झाली.

त्याआधी लोक इंटरनेटवर शोधत कसे होते?

दोन प्रकारे. याहू ही मुळात माणसांनी हाताने केलेली सूची होती: विषय, उपविषय, त्याखाली संकेतस्थळांची नावे. वेब लहान होते तोवर ती पद्धत उत्तम चालली. दुसरीकडे अल्टाव्हिस्टा, लायकॉस, एक्साइट ही सर्च इंजिने होती. डिसेंबर १९९५ मध्ये आलेले अल्टाव्हिस्टा तर चांगलेच वेगवान होते आणि त्याच्याकडची पानेही भरपूर होती.

अडचण पाने सापडण्याची नव्हती, ती कोणत्या क्रमाने दाखवायची याची होती. ही इंजिने मुख्यतः पानावर तो शब्द किती वेळा आणि कुठे आला हे पाहत. मग लोक पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शंभरदा लिहून ठेवू लागले. पेज आणि ब्रिन यांनी १९९८ च्या शोधनिबंधात एक बोलकी नोंद केली आहे: नोव्हेंबर १९९७ मध्ये चार आघाडीच्या व्यावसायिक सर्च इंजिनांपैकी फक्त एकच असे होते, की त्यात त्याचेच नाव टाकले तर पहिल्या दहा निकालांत ते स्वतः सापडे.

मग यांची नवी कल्पना नेमकी काय होती?

माझ्या मते, गूगलबद्दल एकच गोष्ट समजून घ्यायची असेल तर ती ही.

पेज यांना आधी वेगळेच कुतूहल होते. एखाद्या पानावरून बाहेर कुठे लिंक जाते हे सहज दिसते, पण त्या पानाकडे कोण कोण बोट दाखवते हे कसे कळणार? त्यासाठी सगळे वेब उतरवून घेऊन उलटे मांडावे लागेल. १९९६ मध्ये हे काम सुरू झाले आणि त्याचे नाव होते बॅकरब. मार्चमध्ये पेज यांच्या स्टॅनफर्डमधल्या स्वतःच्या पानापासून क्रॉलर, म्हणजे पाने आपोआप उतरवून घेणारा प्रोग्रॅम, निघाला आणि लिंकमागून लिंक पकडत पुढे गेला.

संशोधनाच्या जगात ज्या निबंधाचा हवाला जास्त जण देतात, तो महत्त्वाचा मानला जातो. वेबवरची लिंक हाही तसाच हवाला. पण नुसती मोजणी पुरत नाही. आपल्याकडे मुलीसाठी स्थळ आले की चौकशी करतात, तेव्हा दहा अनोळखी माणसांच्या ‘मुलगा चांगला आहे’पेक्षा गावात ज्याच्या शब्दाला मान आहे अशा एकाचा शब्द जास्त चालतो. आणि जो उठसूट प्रत्येकाचीच शिफारस करतो, त्याच्या शिफारशीला फारसे वजन उरत नाही. पेज आणि ब्रिन यांची पेजरँक ही क्रमवारीची पद्धत अगदी हेच गणितात बसवते. वजनदार पानाची लिंक वजनदार ठरते, आणि एका पानावरून जितक्या लिंका बाहेर जातात तितक्यांत त्याचे वजन वाटले जाते.

यात एक पेच आहे. पानाचे वजन ठरवायला लिंक देणाऱ्या पानांची वजने हवीत, त्यांची ठरवायला आणखी मागची. उपाय असा, की सगळ्यांना सुरुवातीला सारखे वजन द्यायचे आणि हिशेब पुन्हा पुन्हा करत राहायचे. काही फेऱ्यांनंतर आकडे स्थिरावतात. कल्पना करा, एक माणूस मनाला येईल त्या लिंकवर क्लिक करत पानामागून पान हिंडतो आहे, आणि शंभरातून साधारण पंधरा वेळा कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो आहे. तो ज्या पानावर जास्त वेळा सापडेल, ते पान मोठे. निबंधात उडी न मारता लिंकनेच पुढे जाण्याची शक्यता ०.८५ धरली आहे.

दुसरी गोष्ट क्वचितच सांगितली जाते, पण ती मला तितकीच मोलाची वाटते. गूगलने लिंकवर लिहिलेले शब्दही ज्या पानाकडे लिंक जाते त्या पानाच्या नावावर जमा केले. पान स्वतःबद्दल काय म्हणते यापेक्षा दुसरे त्याला काय म्हणून ओळखतात, हे बरेचदा अधिक खरे असते.

त्याच सुमारास इतरही याच दिशेने विचार करत होते. संगणकशास्त्रज्ञ जॉन क्लाइनबर्ग यांची लिंकांवर आधारित पद्धत जवळपास समकालीन आहे. रॉबिन ली यांनी १९९६ मध्येच लिंकांवर आधारित क्रमवारी बनवली होती. पुढे त्यांनी चीनमध्ये बायडू ही सर्च कंपनी स्थापन केली.

यात भारतीय कोणी होते का?

होते, आणि अगदी पायाशी होते. पेजरँकवरच्या मूळ निबंधावर चार नावे आहेत: पेज, ब्रिन, राजीव मोटवानी आणि टेरी विनोग्राड. मोटवानी जम्मूत जन्मले, आयआयटी कानपूरला शिकले आणि स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक झाले. सैद्धांतिक संगणकशास्त्रातला गोडेल पुरस्कार त्यांना २००१ मध्ये मिळाला. ऐन उमेदीत, २००९ मध्ये, ते गेले. आपल्या मुलांना पिचाईंचे नाव ठाऊक असते आणि मोटवानींचे नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते. चेन्नईत जन्मलेले राम श्रीराम हे कंपनीच्या पहिल्या मोजक्या गुंतवणूकदारांपैकी आणि संचालक मंडळावर सुरुवातीपासून.

हे संशोधन सरकारी पैशातून झाले हे खरे का?

बऱ्याच अंशी, हो. स्टॅनफर्डच्या डिजिटल ग्रंथालय प्रकल्पाला अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचा निधी होता आणि हे काम त्याच छत्राखाली वाढले. ब्रिन यांना याच प्रतिष्ठानाची शिष्यवृत्ती होती. पेजरँकचे पेटंटही कंपनीच्या नव्हे, विद्यापीठाच्या नावावर नोंदले गेले. ते वापरण्याच्या हक्काच्या बदल्यात स्टॅनफर्डला १८ लाख शेअर मिळाले आणि २००५ मध्ये ते विकून विद्यापीठाने सुमारे ३३.६ कोटी डॉलर कमावले. ‘दोन हुशार मुले आणि एक गॅरेज’ ही गोष्ट सांगताना तिच्यामागचे विद्यापीठ, मार्गदर्शक आणि करदात्यांचा पैसा वगळला, तर गोष्ट अर्धीच सांगितली जाते.

‘गूगल’ या नावाचा अर्थ काय? क्रिकेटमधल्या गुगलीशी संबंध आहे का?

गुगलीशी काही नाते नाही. एकावर शंभर शून्ये दिली की जी संख्या होते तिला ‘गूगोल’ म्हणतात. एडवर्ड कॅसनर या गणितज्ञाच्या लहानग्या भाच्याने हे नाव सुचवले होते. आपल्या एकं-दहं-शतंची मजल परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत जाते. गूगोलला त्यापुढे आणखी त्र्याऐंशी शून्ये लागतात. स्टॅनफर्डमध्ये नावावर खल चालू असताना ते पत्ता म्हणून उपलब्ध आहे का हे पाहताना स्पेलिंग चुकले आणि चुकलेलेच आवडले. १५ सप्टेंबर १९९७ रोजी त्या नावाची नोंद झाली.

गॅरेजची आणि चेकची गोष्ट खरी आहे?

दोन्ही खऱ्या. ऑगस्ट १९९८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीचे एक संस्थापक अँडी बेक्टोल्सहाइम यांनी पालो आल्टोमध्ये एका प्राध्यापकाच्या घराच्या ओसरीत छोटे प्रात्यक्षिक पाहिले आणि एक लाख डॉलरचा चेक लिहून दिला. चेक होता ‘गूगल इन्कॉर्पोरेटेड’च्या नावे, आणि अशी कंपनी तेव्हा अस्तित्वातच नव्हती! तो वटवण्यासाठी आधी कंपनी नोंदवावी लागली. ४ सप्टेंबर १९९८ ही ती तारीख. वाढदिवस मात्र कंपनी २७ सप्टेंबरला साजरा करते.

गॅरेज मेन्लो पार्कमध्ये सुझन वोजिस्की यांच्या घराचे होते. घराचे हप्ते फेडायला मदत व्हावी म्हणून त्यांनी जागा भाड्याने दिली. भाडे महिन्याला १,७०० डॉलर. पुढे त्या स्वतः कंपनीत आल्या आणि २०१४ ते २०२३ या काळात यूट्यूबच्या प्रमुख होत्या. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

गूगल विकायला काढले होते आणि कोणी घेतले नाही, असे ऐकले आहे.

हो, १९९९ मध्ये. दोघांना पीएच.डी. पुरी करायची होती आणि कंपनी त्यात आड येत होती. एक्साइटला सुमारे दहा लाख डॉलरला देऊ केली. एक्साइटचे एक पाठीराखे, पुण्यात जन्मलेले विनोद खोसला यांनी किंमत साडेसात लाखांपर्यंत खाली आणली, तरी एक्साइटच्या प्रमुखांनी नाही म्हटले. त्याच वर्षी जूनमध्ये सिकोया आणि क्लायनर पर्किन्स या दोन गुंतवणूक संस्थांनी मिळून २.५ कोटी डॉलर गूगलमध्ये घातले. पीएच.डी. दोघांचीही राहिली ती राहिलीच.

इतकी पाने, इतके लोक. यंत्रे कशी पुरली?

स्वस्तातली यंत्रे घेऊन. विद्यार्थी असताना हार्ड डिस्क ठेवायला त्यांनी लेगोसारख्या खेळण्यातल्या ठोकळ्यांची पेटी केली होती. कंपनी झाल्यावरही महागडे सर्व्हर घेण्याऐवजी साध्या संगणकांचे सुटे भाग एकत्र जोडले. अशी यंत्रे बिघडणारच. म्हणून बिघाड गृहीत धरून, एकच माहिती अनेक ठिकाणी ठेवणारे सॉफ्टवेअर लिहिले. जेफ डीन आणि संजय घेमावत ही त्यातली दोन मोठी नावे. माहिती अनेक यंत्रांवर साठवणारी गूगल फाइल सिस्टिम (२००३) आणि हिशेब अनेक यंत्रांत वाटून करणारे मॅपरिड्यूस (२००४) यांवरचे निबंध कंपनीने खुले केले आणि त्यातून हडूप हे तशाच कामाचे, सर्वांना खुले सॉफ्टवेअर जन्माला आले. आपल्या आयटी कंपन्यांत ‘बिग डेटा’ म्हणून ज्यांनी काम केले, त्यांनी याच कामाची फळे चाखली आहेत.

शोध इतका झटपट होतो, कारण तुम्ही विचारता तेव्हा गूगल वेब धुंडाळत बसत नाही. ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते ना, कोणता शब्द कोणत्या पानावर? तशी प्रचंड सूची आधीच तयार असते.

शोध फुकट आहे, मग पैसा येतो कुठून?

जाहिरातींतून. या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यायलाच हवे.

१९९८ च्या त्याच निबंधाला एक परिशिष्ट आहे. त्यात पेज आणि ब्रिन यांनी लिहिले, की जाहिरातींवर चालणारी सर्च इंजिने मुळातच जाहिरातदारांकडे झुकतील आणि ग्राहकांच्या गरजेपासून दूर जातील. म्हणून स्पर्धेत असलेले, पारदर्शक आणि विद्यापीठीय जगातले असे एक सर्च इंजिन असणे त्यांना फार महत्त्वाचे वाटत होते. प्रत्येक विद्यार्थ्याने ते परिशिष्ट वाचावे असे मी सांगतो.

पण पगार द्यायचे होते, यंत्रे घ्यायची होती. तेव्हा गोटू ही कंपनी शोधातल्या जागांचा सरळ लिलाव करत होती: जो जास्त पैसे देईल तो वर. गूगलने ते जसेच्या तसे उचलले नाही. ऑक्टोबर २००० मध्ये सुमारे ३५० जाहिरातदारांसह अ‍ॅडवर्ड्स सुरू झाले. जाहिरात छोटी, फक्त अक्षरांची, आणि खऱ्या निकालांपासून स्पष्ट वेगळी ठेवलेली. २००२ मध्ये क्लिकमागे पैसे घेणारा लिलाव आला, आणि त्यात फक्त बोलीची रक्कम न पाहता लोक त्या जाहिरातीवर किती क्लिक करतात हेही धरले. म्हणजे निरुपयोगी जाहिरात नुसत्या पैशाच्या जोरावर वर राहू शकत नव्हती. हे खरोखर हुशारीचे होते आणि काही काळ वाचकाच्याही हिताचे होते. गोटू, म्हणजे नंतरची ओव्हर्चर, हिने पेटंटचा दावा लावला होता. तोवर ती याहूने विकत घेतली होती, आणि २००४ मध्ये २७ लाख शेअर देऊन गूगलने वाद मिटवला.

२००३ मध्ये अ‍ॅडसेन्स आले आणि जाहिराती इतरांच्या संकेतस्थळांवरही जाऊन बसल्या. उत्पन्न २००१ मध्ये सुमारे ८.६ कोटी डॉलर होते, ते २००४ मध्ये ३१९ कोटींवर गेले.

पुढे काय झाले ते पाहायचे असेल तर जुन्या निकालपानाची चित्रे काढून बघा. जाहिरातींमागचा रंगीत पट्टा फिकट होत गेला आणि मग गेलाच. २०१६ मध्ये उजव्या बाजूच्या जाहिराती काढल्या, पण वरच्या बाजूला त्यांना जास्त जागा मिळाली. फोनवर काही शोधांत पहिला खरा निकाल पाहायला बोटाने पान वर सरकवावे लागते. त्या परिशिष्टातली भीती त्यांच्याच घरी खरी ठरली, असे मी म्हणतो, आणि हे म्हणताना मला आनंद होत नाही.

शेअर बाजारात कधी आली?

१९ ऑगस्ट २००४, ८५ डॉलर भावाने. लिलावाची पद्धत वापरली आणि सुमारे १.६७ अब्ज डॉलर उभे केले. गणितवेडेपणा तिथेही दिसला: सुरुवातीच्या अर्जातली रक्कम २,७१८,२८१,८२८ डॉलर होती, हे ‘ई’ या गणिती स्थिरांकाचे अंक आहेत. संस्थापकांच्या शेअरना दहा मते आणि सामान्यांच्या शेअरला एक, अशी रचना ठेवल्याने सत्ता त्यांच्याच हाती राहिली. तोवर, २००१ पासून, रोजचा कारभार एरिक श्मिट पाहत होते.

जीमेल, मॅप्स, अँड्रॉइड, यूट्यूब: हे सगळे गूगलने स्वतः बनवले?

जीमेल घरचे, १ एप्रिल २००४ ला एक जीबी जागेसह आले, तेव्हा पुष्कळांना तो एप्रिल फूलच वाटला. क्रोम (२००८) घरचे. मॅप्स विकत घेतलेल्या छोट्या कंपन्यांच्या कामावर उभे राहून २००५ मध्ये आले. अँड्रॉइड २००५ मध्ये विकत घेतले. यूट्यूब २००६ मध्ये १.६५ अब्ज डॉलरला. डबलक्लिक ही जाहिरात कंपनी ३.१ अब्जांना घेतली. पैशाच्या दृष्टीने हा निर्णायक सौदा, पण घराघरात त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही.

काही फसलेही असेल ना?

बरेच. ऑर्कुट हे समाजमाध्यम २००४ मध्ये आले, भारतात आणि ब्राझीलमध्ये जिवापाड आवडले आणि ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले. गूगल प्लस हे दुसरे समाजमाध्यम २०१९ मध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी मिटले. मोटोरोलाचा फोन व्यवसाय १२.५ अब्ज डॉलरला घेतला आणि २०१४ मध्ये पेटंटे बहुतांशी ठेवून २.९१ अब्जांना लेनोव्होला विकायचे ठरवले. चीनमध्ये २००६ ला सेन्सॉर मान्य करून गेले आणि २०१० मध्ये बाहेर पडले.

अल्फाबेट म्हणजे काय?

२०१५ मध्ये केलेली वरची पालक कंपनी. गूगल तिची एक शाखा. तेव्हाच पिचाई गूगलचे प्रमुख झाले. डिसेंबर २०१९ मध्ये पेज आणि ब्रिन बाजूला झाल्यावर अल्फाबेटचेही.

मक्तेदारीचे खटले कशाबद्दल आहेत?

मोठे असणे हा गुन्हा नाही. मोठेपण टिकवण्यासाठी इतरांची वाट अडवणे हा आहे. अमेरिकेच्या न्याय विभागाने ऑक्टोबर २०२० मध्ये दावा लावला. त्यात उघड झाले, की फोनवर आणि ब्राउझरमध्ये आपलेच सर्च आधीपासून ठेवलेले असावे म्हणून गूगलने एकट्या २०२१ मध्ये २६.३ अब्ज डॉलर वाटले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात क्रोम विकायला लावले नाही, पण इतरांना बाहेर ठेवणाऱ्या करारांवर बंदी घातली आणि काही माहिती स्पर्धकांना द्यायला सांगितले. युरोपने २०१७ मध्ये २४२ कोटी युरो दंड केला, २०१८ मध्ये अँड्रॉइडवरून ४३४ कोटी. दुसरा न्यायालयाने थोडा कमी केला. आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडवरूनच १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला.

एआयमुळे सर्च संपेल का?

आजच्या बहुतेक भाषा-मॉडेलांच्या मुळाशी असलेली ट्रान्सफॉर्मर रचना गूगलच्याच संशोधकांनी २०१७ मध्ये मांडली. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि कंपनीची धावपळ उडाली; आधी बार्ड, मग जेमिनी, आणि मे २०२४ पासून निकालांच्या वर तयार उत्तर. माझी काळजी वेगळी आहे. आजवर एक अलिखित व्यवहार होता: लिहिणाऱ्याने पान खुले ठेवायचे, गूगलने वाचक पाठवायचे. वाचक वरच थांबला तर खेड्यापाड्यातल्या पाककृती, पिकांचे अनुभव, बोलीतले शब्द कष्टाने लिहून ठेवणाऱ्याने पुढे का लिहावे?

महाराष्ट्राशी थेट संबंध काय?

भारतातली कामे बंगळुरू आणि हैदराबादला २००४ मध्ये सुरू झाली. मे २०१३ मध्ये गूगल भाषांतरात मराठी आली. रेल्वे स्थानकांवरच्या फुकट वायफायची सुरुवात जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून झाली. ती योजना कंपनीने २०२० मध्ये आवरती घेतली. अ‍ॅडसेन्स हिंदीला २०१४ मध्ये मिळाले. मराठीला आणखी काही वर्षे थांबावे लागले, आणि तेवढी वर्षे मराठी ब्लॉग लिहिणाऱ्यांचे नुकसान झाले.

माझा जुना मराठी मजकूर गूगलवर सापडतच नाही. का?

बहुधा तो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेतांक देणाऱ्या पद्धतीत, नसेल. सुरुवातीच्या काळात मराठी वृत्तपत्रे आणि संकेतस्थळे आपापले फॉन्ट वापरत. पडद्यावर मराठी दिसे, आत मात्र रोमन चिन्हांची खिचडी असे. सर्च इंजिन चित्र पाहत नाही, संकेतांक वाचते. त्यामुळे त्या वर्षांतले मराठी लेखन असूनही नसल्यासारखे झाले. जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफचेही तेच.

मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या; रूपांतर करणारी साधने फुकट मिळतात, पण नंतर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घाला. लेखाची छायाचित्रे टाकू नका, अक्षरे टाका. शीर्षकात तोच शब्द वापरा जो वाचक शोधताना लिहील. आणि दुसऱ्या कोणाच्या मराठी लेखाला लिंक देताना ‘इथे क्लिक करा’ असे लिहू नका. ‘कोकणातल्या भाताच्या जुन्या जाती’ असे त्या लेखाचे नावच लिंकवर लिहा. लिंकवरचे शब्द कुणाच्या खाती जमा होतात, ते वर सांगितलेच आहे.